विश्राम म्हणेपर्यंत

माझ्या वडिलांच्या छातीला व्हॅसलीन चोळताना मधोमध तळहाताएवढी जागा मी कोरडी सोडली. मुद्दाम. ज्यांनी कधी अंगावर प्लास्टर चढवून घेतलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: जिथं व्हॅसलीन नाही तिथले केस प्लास्टरमध्ये अडकतात आणि साचा काढताना मुळासकट येतात. माणूस कितीही मोठ्या छातीचा असो, त्या क्षणी त्याला आई आठवते. माझ्या वडिलांना एकदा आई आठवावी, एवढीच त्या सकाळी माझी इच्छा होती. बाकीचा बेत पुढचा होता.

पुरुषांच्या धडांचे साचे काढणं हे माझं काम. गळ्यापासून मांड्यांपर्यंत, फक्त पुढची बाजू. गॅलरीवाली बाई त्याला ‘पुरुषदेहाचं उत्खनन’ म्हणते, माझा घरमालक ‘तो पांढरा राडा’ म्हणतो, आणि मला दोन्ही चालतं. पूर्वी गाड्या दुरुस्त व्हायच्या अशा एका पत्र्याच्या शेडमध्ये मी काम करतो. तिथं माझ्यापुढं न्हावी उभे राहिलेत, ट्रकवाले, डॉक्टर, एक न्यायाधीश आणि लग्न ठरलेला एक हळवा इसम. शर्ट काढला की सगळ्यांचं एकच होतं: पोट आत जातं, छाती वर येते. मी कुणालाही तसं सांगत नाही. ओल्या पट्ट्या लावत मी वरून खाली येतो, आणि प्लास्टर घट्ट होईस्तोवर श्वास धरून पोट आत ठेवणं कुणाच्या बापाला जमत नाही. मध्येच कधीतरी पोट सुटतं. अर्धवट ओल्या प्लास्टरला तिथं एक वळी पडते. त्या वळीसाठीच मी हे सगळं करतो. साच्यात काही ओतून मी मूर्ती काढत नाही. रिकामा साचाच उभा करतो. पुढून बघितलं तर दणकट गडी. मागे जाऊन आत डोकावलं तर कातडीची छिद्रं, अडकलेला एखादा केस आणि ती वळी. पोटात एक आणि ओठांत एक असं आपण म्हणतो ना, ते मी दाखवतो.

माझ्या बापाला मात्र पोट आत ठेवणं जमेल अशी मला धास्ती होती. ते शाळेत कवायतीचे मास्तर होते. सगळी शाळा त्यांना ‘सावधान सर’ म्हणायची. आम्ही घरीही त्यांना सरच म्हणायचो, कारण घर शाळेच्या आवारातच होतं आणि ग्राउंडवर कुणी ‘बाबा’ अशी हाक मारलेली त्यांना खपायची नाही. नोकरी लागल्यावर ताईनं हळूच बाबा म्हणायला सुरुवात केली. माझी जीभ काही वळली नाही.

मी चालायचो वेगळा. म्हणजे कसा, ते मला आजही नीट सांगता येणार नाही; पोरं म्हणायची, ठुमकत चालतो. नाव पडलं ठुमक्या. एकदा संचलनाची तालीम चालू असताना वर्गाचा मॉनिटर माझ्या मागून माझी नक्कल करत चालला आणि सगळं ग्राउंड हसलं. शिट्टी वाजली. सरांनी मॉनिटरला चकार शब्दानं काही म्हटलं नाही. मला सिमेंटच्या कट्ट्यावर चढवलं, सगळ्यांसमोर शर्ट काढायला लावला आणि ओरडले, “सावधान! पोट आत, छाती बाहेर! पुरुष होऊन दाखव!” मग पोरांना सोडून दिलं आणि जाता जाता मला म्हणाले, “जेवून येतो. मी विश्राम म्हणेपर्यंत हलायचं नाही.”

ते जेवायला गेले ते गेलेच. ऊन डोक्यावर होतं. कट्ट्यावरून आमच्या घराची खिडकी दिसायची, तिचा पडदा ओढलेला होता. ताई फ्रॉकच्या घेरात लपवून पाण्याचा पेला घेऊन आली, पण मी ओठ मिटून ठेवले. सावधानमध्ये पाणी पीत नाहीत. असा मी आज्ञाधारक. दुपारच्या शाळेची मुलं आली, त्यांनीही पोटभर बघून घेतलं. शेवटी शिपाईकाकांनी मला खांद्यावर टाकून घरी नेलं. सर पलंगावर बसून डोळे चोळत होते. “अरेच्चा,” ते म्हणाले, “विसरलोच की मी.”

विसरले. मारलं असतं तर मीही विसरून गेलो असतो. मार कुणी खाल्लेला नाही? पण हा माणूस मला उन्हात ठेवून विसरला, आणि तो शब्द म्हणायचा राहिला तो राहूनच गेला. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आई गेली तेव्हा आम्ही एका खोलीत रात्र काढली तेव्हाही नाही. मी घर सोडलं, मोठा झालो, माझ्यासारख्याच एका माणसाबरोबर संसार थाटला, चार ठिकाणी नाव कमावलं, पण माझ्या टाचा कुठंतरी अजून जुळलेल्याच होत्या. तो शब्द मला हवा होता. त्यांच्याच तोंडून, आणि ज्यांच्यासमोर त्यांनी ‘सावधान’ म्हटलं होतं त्यांच्यासमोर. माफीबिफी नको. एक शब्द हवा होता, आणि तो वसूल करायचा मी बेत केला.

निरोप ताईच्या हाती दिला. “सरांना म्हणावं, तुमचा पुतळा करायचाय.”

“पुतळा?” ताईनं फोनवर विचारलं. “छोट्या, खरंच पुतळा करणारेस, की उट्टं काढणारेस?”

“दोन्ही एकाच साच्यातून निघतं.”

“म्हातारे झालेत रे ते. अजून किती दिवस धरून बसणार? घाल आता पोटात.”

“पोटात जागा नाही ताई. लहानपणापासून आतच घेतलेलं आहे.”

ती हसली नाही. पण निरोप तिनं दिला, आणि पुतळा म्हटल्यावर सर हरखून गेले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यावर त्यांनी टाकून दिलं की चिरंजीव आमचा पुतळा घडवत आहेत, उद्घाटनाला सर्वांनी यावं. कुठल्या चौकात बसवणार, अशी तिथं चर्चाही सुरू झाली. मी खोटं बोललो नाही, फक्त गप्प राहिलो. ती तर आमच्या घरची रीतच.

ठरल्या दिवशी सर शेडमध्ये आले ते पायातले बूट चमकवून. भिंतीला टांगलेल्या साच्यांची त्यांनी आधी तपासणी केली.

“हा कोण? खांदे पडलेत.”

“बँकेत मोठे साहेब आहेत.”

“वाटत नाही. आणि हा?”

“न्यायाधीश.”

“ह्याच्या पोटात तर आणखी एक न्यायाधीश आहे,” ते म्हणाले, आणि मला हसू आलं. त्याचा मला फार राग आला. ज्याच्यावर सूड उगवायचा त्यानं विनोदी असू नये.

शर्ट काढून ते माझ्यापुढं उभे राहिले. अर्ध्या चड्डीतला म्हातारा. दंडाची कातडी ओघळलेली, छातीवरचे केस पांढरे, आणि नाभीच्या वर एक लहानसं, गोल, बिचारं पोट. ते पोट मी पूर्वी कधी बघितलंच नव्हतं. ते नेहमी आत असायचं.

“कसा उभा राहू?”

“तुम्हाला येतं तसं.”

टाचा जुळल्या, हनुवटी वर गेली, पोट नाहीसं झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ माझ्यासमोर उभा होता. मी व्हॅसलीन घेतलं. वडिलांच्या अंगाला मी आयुष्यात पहिल्यांदाच असा हात लावत होतो. खांदे, बरगड्या, काखेजवळची मऊ जागा. हाताला ते बरं लागत होतं आणि मनाला नव्हतं. छातीच्या मधोमध आलो तेव्हा हात उचलला, ती जागा सोडली आणि खाली सरकलो.

कोमट पाण्यात पट्ट्या बुडवायच्या, निथळायच्या, अंगावर दाबून बसवायच्या. गळा झाला, छाती झाली. छातीवरचं प्लास्टर घट्ट होऊन तापायला लागलं तेव्हा मी पोटावर पोचलो होतो. सरांचा श्वास धरलेलाच. कपाळावर घाम, पण पोट जागच्या जागी. शेवटची पट्टी बसवली, आता बोलू नका म्हणालो, हात पुसले आणि समोर स्टूल घेऊन बसलो. एवढी वर्षं जे विचारायचं होतं ते विचारायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. त्यांना उठून जाता येणार नव्हतं.

“सर, ग्राउंडवरचा कट्टा आठवतो?”

“बोलू नको म्हणालास ना,” ते दातांतून म्हणाले.

“तुम्ही नका बोलू जास्त. मला सावधान करून तुम्ही जेवायला गेला होतात. आठवतं?”

त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडं, भिंतीवरच्या न्यायाधीशावर.

“नाही,” ते म्हणाले. “असेल. अशी किती पोरं उभी केली.”

ऐकून डोकं सणकलं.  तरी प्लास्टर वाळून टकटक वाजेपर्यंत बसून राहिलो, मग कडा सोडवल्या, दोन्ही हातांनी साचा धरला आणि हळूहळू काढायचा असतो तो एका झटक्यात ओढला.

“आई गं!”

शेडच्या पत्र्याला घुमली अशी ती हाक होती. छातीच्या मधोमध लालभडक चकंदळ उठलं होतं. डोळ्यांत पाणी.

“पुरुषाला दुखत नाही ना, सर?”

ते छाती चोळत राहिले. चोळता चोळता तिथं काही लावलेलं नव्हतं हे त्यांच्या बोटांना कळलं असणार. माझ्याकडं बघून म्हणाले, “राहिलं असेल चुकून.”

“हो. चुकून.”

हे मला अजिबात आवडलं नाही. माफ करायचा मान मी त्यांना द्यायला नको होता. ते बूट घालून गेले, जाताना ‘जेवून घे वेळेवर’ असंही म्हणाले, आणि मी फणफणत साचा उलटा करून दिव्याखाली धरला. छातीच्या जागी पांढऱ्या केसांचा पुंजका, जशास तसा. आणि खाली पोटाच्या जागी वळी. माझ्या एवढ्या साच्यांत इतकी खोल वळी पडलेली नव्हती. मी पोटावरची शेवटची पट्टी बसवली तोवर ते पोट आत होतं, माझ्या हातांखाली होतं. त्यानंतर एकच गोष्ट झाली होती. मी प्रश्न विचारला होता. तोंड म्हणालं नाही, आणि त्याच वेळी पोटानं दम सोडला होता.

म्हणजे त्यांना आठवत होतं. त्या क्षणी मला खूप बरं वाटलं. विसरलेल्या माणसावर सूड उगवता येत नाही.

गॅलरी म्हणजे जुनं गोदाम, उंच पत्र्याच्या छताचं. मी शिंप्याकडून शाळेची अर्धी चड्डी माझ्या मापाची शिवून घेतली. “नाटक आहे का?” शिंप्यानं विचारलं. “नाही, सूड आहे,” मी म्हणालो. “मग शिवण दुहेरी घालतो,” तो म्हणाला, आणि त्यानं ती घातली.

सकाळी उद्घाटन होतं. गोदामाच्या एका टोकाला सरांचा साचा लोखंडी दांड्यावर उभा, त्यांच्याच उंचीला. त्याच्यासमोर सिमेंटचा कट्टा, मी स्वतः बांधलेला, आणि त्या कट्ट्यावर मी. उघडा, टाचा जुळलेल्या, पोट आत. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘याला ज्यानं सावधान म्हटलं, तो विश्राम म्हणेपर्यंत हा हलणार नाही.’

“आणि तो आलाच नाही तर?” गॅलरीवाल्या बाईनं विचारलं होतं.

“तर उभा राहीन.”

“आणि आला, पण बोललाच नाही तर?”

“तरी उभा राहीन. तुम्ही कुलूप लावून जा.”

माझा जोडीदार मात्र कलेला वैतागलेला माणूस आहे. तो म्हणाला, “मी डबा घेऊन बाहेर पायरीवर बसतो. सुटलास की ये. थंड जेवण मी पुन्हा गरम करणार नाही.”

सर आले ते वाजतगाजतच म्हणा. शेजारी ताई, मागून त्यांचे विद्यार्थी. कुणी टक्कल पडलेले, कुणी ढेरी सुटलेले, सगळे इस्त्रीच्या शर्टात, सगळे एकमेकांना वर्गातल्या नावांनी हाका मारत. त्यातला सगळ्यांत मोठ्या ढेरीचा मी लगेच ओळखला. मॉनिटर. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, कारण ते पुतळा बघायला आले होते आणि पुतळा त्यांना सापडला होता. समोरून बघून ‘सर, हुबेहूब!’ झालं. साच्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो झाले. मग एकजण मागे गेला आणि म्हणाला, “अरे, हा तर पोकळ आहे.”

“आत केस आहेत कुणाचे तरी,” दुसरा म्हणाला.

सर मागे गेले. चष्मा कपाळावरून खाली घेतला, आत वाकून बघितलं. आपला हात आपल्या छातीवर गेलेला त्यांना कळलाही नसेल. मग ते वळले आणि त्यांना मी दिसलो.

“हे काय लिहिलंय गं?” त्यांनी ताईला विचारलं. अक्षरं वीतभर होती, चष्मा डोळ्यांवर होता. ताईनं वाचून दाखवलं. आवाज जरा कापला तिचा, पण एक शब्द गाळला नाही. ते ऐकून सर म्हणाले, “हं. आधुनिक कला,” आणि घड्याळाकडं बघितलं.

ते निघाले असते. माझा बेत तिथंच तोंडावर आपटला असता. पण मॉनिटर मला निरखत होता. कट्टा, चड्डी, मी. त्याचं तोंड उघडलं ते मिटेना.

“सर,” तो म्हणाला, “हा... हा आपला ठुमक्या. म्हणजे तुमचा मुलगा. सर, तो दिवस! तुम्ही याला उभं केलं होतं, आम्ही सगळे होतो. मीच तर मागून...” आणि तो थांबला.

मग हळूहळू एकेकाला आठवत गेलं. चेहऱ्यावरून मला दिसत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी खाली बघितलं, कुणी फोन खिशात टाकला.  माझ्या मांड्या थरथरत होत्या, पाठीला कळ लागली होती, आणि इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आता म्हणा, मी मनात म्हणत होतो. आता कुठं जेवायला जाता ते बघतो.

सर माझ्याकडं आले नाहीत. ते साच्यापाशी गेले, मागच्या बाजूनं. आत हात घालून त्यांनी बोटानं ती वळी चाचपली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बराच वेळ. आणि त्या पोकळ प्लास्टरला, स्वतःच्या रिकाम्या पोटाला, अगदी हळू आवाजात म्हणाले, “विश्राम.”

मी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. गॅलरीवाल्या बाईनं डोळे पुसले. तिला वाटलं, झालं. पण तो शब्द माझ्यासाठी नव्हता. एवढ्या वर्षांनी तो या माणसाच्या तोंडून बाहेर पडला, आणि त्यानं तो स्वतःलाच देऊन टाकला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर बघत, हनुवटी वर ठेवून, त्यांच्याच ग्राउंडवरच्या सुरात मी म्हणालो, “ऐकू आलं नाही, सर. मोठ्यानं.”

त्यांनी झटकन मान वर केली. हे वाक्य त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या तोंडावर फेकलं होतं. त्यांच्या तोंडावर ते पहिल्यांदाच येत होतं. चेहरा लाल झाला. छाती भरली. आणि म्हाताऱ्यानं असा आवाज काढला की पत्रे थरारले.

“वि...श्राम!”

खाड्‌कन आवाज झाला. गोदामातल्या सगळ्या बुटांचा. इस्त्रीच्या शर्टातल्या त्या सगळ्या बाप्यांचे पाय एका दमात फाकले, हात पाठीमागं गेले, ढेऱ्या सुटल्या. मॉनिटरचासुद्धा. कुणाला काही कळायच्या आत त्यांच्या पायांनी हुकूम पाळला होता.

मी तेवढा हललो नाही. हुकूम माझ्याही पायांपर्यंत पोचला होता, मी तो परत पाठवला. त्यांना बघायचं होतं की मी सुटतो का, आणि मला बघायचं होतं की ते आणखी किती वाकतात.

ते कट्ट्याशी आले. त्यांचं डोकं माझ्या छातीपाशी येत होतं. आता आवाज खाली आला होता, फक्त मला आणि शेजारी उभ्या ताईला ऐकू येईल इतका.

“अरे, म्हटलं ना मी. विश्राम. पुरे कर आता.” मग ते म्हणाले, “मी विसरलो नव्हतो रे. घास उतरला नाही त्या दिवशी. पडद्याआड उभा राहून बघत होतो.”

“मग?”

“मग काय? सगळ्यांसमोर उभं केलं होतं. परत येऊन सोडलं असतं तर... पोरं काय म्हणाली असती.”

ताईनं तोंडावर हात घेतला. आणि मला ती खिडकी दिसली, तो ओढलेला पडदा. एवढी वर्षं मी त्या पडद्यामागं झोपलेला बाप बघत होतो, तिथं जागा बाप उभा होता. माझ्यासारखाच, टाचा जुळवून. मी पाणी नाकारलं ते त्यांनी बघितलं होतं. माझे गुडघे वाकले ते त्यांनी बघितलं होतं. शिपाईकाकांनी उचललं तेव्हा पलंगावर जाऊन बसायला आणि डोळे चोळायला त्यांना वेळ मिळाला होता. मला वाटलं होतं, खरं कळलं की राग निवेल. विसरलेलं परवडलं असतं. हे ऐकून उरलीसुरली दयाही माझ्यातून गेली.

मी पाय फाकवले. रक्त पोटऱ्यांतून खाली उतरलं, मुंग्या आल्या. पोट सोडलं. ते बाहेर आलं, लहानसं, गोल, त्यांच्यासारखंच. सरांनी सुस्कारा टाकला. ताईला रडू फुटलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बिचाऱ्यांना वाटलं, कार्यक्रम संपला, समेट झाला. सरही हसले. त्यांनी हात वर केला, माझ्या खांद्यावर ठेवायला असावा.

मी कट्ट्यावरून उतरलो, त्या हाताच्या कडेनं गेलो, खुंटीवरचा शर्ट घेतला, एकेक बटण लावलं. मग दारात जाऊन वळलो. आवाज मला त्यांचाच मिळालाय. तेवढी एक गोष्ट त्यांनी मला न मागता दिली.

“सावधान!”

खाड्‌कन सगळे बूट जुळले. मॉनिटरचे, टकल्यांचे, आणि त्या सगळ्यांच्या पुढं, रिकाम्या साच्याच्या शेजारी, सरांचे. हनुवटी वर. पोट आत, छाती बाहेर. हात अजून अर्धवट उचललेला होता, तोही मांडीला चिकटला. त्यांच्या डोळ्यांत मी बघितलं. त्यांना कळलं होतं. पाय आपले राहिले नाहीत हे कळल्यावर माणूस जसा बघतो तसे ते बघत होते. ते मी ओळखतो.

“छोट्या!” ताई ओरडली. “अरे, विश्राम तरी म्हण!”

बाहेर पायरीवर माझा माणूस डबा मांडीवर घेऊन बसला होता. जेवण अजून गरम असणार होतं. मला वाईट वाटलं का? नाही. पुढं कधी वाटलं तर तेव्हा बघू.

“जेवून येतो,” मी म्हणालो.